वैद्यराजाची जीभ

साळूबाईच्या डोक्यावरून उंटाची जीभ फिरली आणि पांढरवाडीच्या शाळेच्या मैदानात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की वडावरची पाखरं एकदम उडाली. साळूबाईचा पदर खांद्यावर उतरला होता, केस चिकट होऊन कपाळावर आले होते आणि चेहऱ्यावर नुकतीच निवडणूक जिंकल्याचं हसू होतं.

"कवच बसलं!" महाराजांनी दोन्ही हात वर करून जाहीर केलं. "आता बर्ड फ्लू असो, स्वाइन फ्लू असो, की पुढे आणखी कोणत्या जनावराच्या नावाने येणारा असो, या माउलीकडे तो वाकड्या नजरेने बघणार नाही!"

"मला दोन डाव चाटलं," साळूबाई शेजारणीला सांगत होती. "तुला एकच डाव चाटल्तं ना?"

मी सहावीच्या वर्गाच्या दारात खडू हातात घेऊन उभा होतो. वर्गात बाकं होती, फळा होता, पोरं मात्र उंटामागे होती. शिक्षक म्हणून मी बऱ्याच गोष्टींशी झुंजलो आहे, टीव्हीशी, मोबाइलशी, गावच्या जत्रेशी. पण उंटापुढे आपला निभाव लागत नाही, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मैदान महाराजांना दिलं होतं आमचे सरपंच मच्छिंद्र यांनी. शाळेची परवानगी कुणी विचारली नव्हती, आणि मी आक्षेप घेतला तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "सर, तुमी इज्ञान शिकवता ना? मंग हे इज्ञानच हाय की! बॅनर वाचा."

बॅनर मी वाचला होता. महाराजांचं नाव उष्ट्रानंद. उंटाचं नाव वैद्यराज. मधोमध एका परदेशी प्रयोगशाळेचा फोटो होता आणि त्यात पांढऱ्या कोटातला एक माणूस एका लोकरीच्या जनावराच्या मानेला हात लावून उभा होता. खाली मोठ्या अक्षरांत: 'जगातील सर्व फ्लूंवर एकच मात्रा! शास्त्रज्ञ शोधतच राहिले, महाराजांना सापडली!'

गंमत अशी, की यातला 'शास्त्रज्ञ शोधतच राहिले' एवढा भाग खरा होता. उंटाच्या आणि त्याच्या लांबच्या भावंडांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वापरून सगळ्या प्रकारच्या फ्लूवर एकच लस किंवा औषध करता येईल का, यावर खरोखर संशोधन चालू आहे. मी ते पेपरात वाचलं होतं. महाराजांनीही वाचलं असावं. फरक इतकाच, की मी कात्रण वहीत चिकटवलं आणि त्यांनी उंट भाड्याने आणला.

फोटोतल्या जनावराला मदार नव्हती, कारण ते उंट नव्हतं, लामा होतं. ही शंका मच्छिंद्रने एकदा भर सभेत विचारली, याचं श्रेय मी त्याला देतो.

"महाराज, याला वशिंडच न्हाई की!"

"परदेशात बर्फ पडतो ना, बेटा," महाराज क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "थंडीत उंट मदार आत ओढून घेतो."

मच्छिंद्रने समाधानाने मान हलवली. मागे बसलेल्या चार जणांनी 'बराबर हाय' म्हटलं.

महाराज बोलत ते हिंदी, मराठी आणि संस्कृत एकाच ताटात कालवून. कुणी त्यांना जैसलमेरचे म्हणे, कुणी हिमालयातले. "माणसाची अँटिबॉडी म्हणजे बैलगाडी," ते सांगत. "विषाणू बसतो गल्लीच्या टोकाला. बैलगाडी गल्लीत शिरते का? नाही! उंटाची अँटिबॉडी म्हणजे सायकल. सुर्रकन आत! और रोग की छुट्टी!" हेही पेपरातलंच होतं, फक्त सायकल त्यांची स्वतःची होती.

मग परीक्षा व्हायची. माणसाला आधी तसंच उंटासमोर उभं करायचं. वैद्यराज त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. त्याच्या चेहऱ्यावर अंबडच्या तालुका कोर्टातल्या जुन्या कारकुनाचा भाव असे, 'जेवणाची सुट्टी झाल्यावर या' असा. "बघा, अंग उघडं आहे, रोगाला दार मोकळं!" महाराज गरजायचे. मग तांब्यातून पळीभर मात्रा त्या माणसाच्या तळहातावर पडायची. उंटिणीचं दूध आणि एकवीस वनस्पती. चव गोडसर खारट. उंटिणीचं दूध मुळात थोडं खारटच असतं, हे मीच एका पालकाला सांगितलं होतं. मात्रा घेऊन तोच माणूस पुन्हा उंटासमोर गेला, की वैद्यराजाची मान लांब व्हायची, डोळे मऊ व्हायचे आणि ती हातभर जीभ त्याच्या डोक्यावरून फिरायची. साक्षात उंटाची सही!

शेवटी पथ्य. सव्वा महिना डोक्यावरून आंघोळ नाही, नाहीतर कवच धुऊन जातं. आणि डॉक्टरची सुई टोचली, तर एकाचं नाही, घरातल्या सगळ्यांचं कवच फुटतं.

सगळ्यांनाच उंट चाटत होता असं मात्र नाही. पहिल्याच दिवशी बुद्धविहाराच्या गल्लीतले साहेबराव आपली बायको आणि भावाच्या कुटुंबाला घेऊन आले होते. गावभर पसरलेल्या साथीत तेही आमच्यासारखेच खोकत होते, आमच्यासारखेच घाबरले होते. रांगेत उभे राहिले, मात्रा प्यायले. वैद्यराजाने एकालाही जीभ लावली नाही. उलट तोंड फिरवून रवंथ करत बसला.

"श्रद्धा कमी पडली," महाराज खेदाने म्हणाले.

लोकांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. त्या माना कशा डोलतात हे मला पाठ आहे आणि त्या बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. साहेबराव घरच्यांना घेऊन वळले. ज्या रस्त्याने आले त्या रस्त्याने घरी गेले.

एवढ्यावर हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग माझ्या आईला ताप आला.

माझी आई द्वारकाबाई दम्याची जुनी रुग्ण. तिला वैद्यराजाने आदल्याच आठवड्यात चाटलं होतं, आणि गावभर ती ते सांगत फिरली होती. ताप चढला तेव्हा ती म्हणाली, "रोग भाईर निघून राह्यला, निघू दे." खोकला वाढला तेव्हाही तेच. त्या सकाळी तिला वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागलं, तेव्हा माझी बायको शालू मला न विचारता आरोग्य केंद्रातून डॉक्टर भावनाला घेऊन आली.

भावना म्हणजे साहेबरावांची मुलगी. माझ्याच शाळेत शिकलेली. वर्गात तिने मला इतके प्रश्न विचारले होते, की तिची बदली झाली असती तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, पण विद्यार्थ्यांची बदली होत नाही. तिने आईची छाती तपासली, बोटाला चिमटा लावला, त्यावरचा आकडा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, ऑक्सिजन उतरून राह्यला. न्यूमोनिया दिसतोय. अंबडच्या दवाखान्यात न्यावं लागेल, आजच. उद्या म्हणू नका."

आईच्या फुप्फुसांचं काहीही होवो, कान शाबूत होते. "मी... न्हाई येत."

"आजी, तिथं ऑक्सिजन मिळंल, इंजेक्शन देतील, बरं वाटंल जल्दी."

"सुई टोचली की... कवच फुटतं. माझं एकलीचं न्हाई. याचं, शालूचं, लेकरांचं." आई दम खाऊन म्हणाली. "म्या म्हातारी मेले तर मेले. यांना कशापायी उघडं पाडू?"

मला हसावं की रडावं कळेना. आई आमच्यासाठी मरायला तयार झाली होती, आणि तेही उंटाच्या शब्दावर. मी रागावलो, हात जोडले, पुन्हा रागावलो. तिने माझ्याकडे, मी सहावीतला असताना बघायची तसं बघितलं आणि उशाजवळची मात्रेची बाटली उचलली. तळहाताची ओंजळ केली, थोडी मात्रा ओतली, डोळे मिटून प्यायली आणि उरलेला ओला हात सवयीने डोक्यावरून मागे फिरवला.

भावना टक लावून बघत होती.

"आजी, हात डोक्यावरून का फिरवला?"

"अगं, तीर्थच हाय ते. तीर्थ घेतलेला हात काय... लुगड्याला पुसायचा?"

भावनाने बाटली उचलून उजेडात धरली. मग तिने वडिलांना फोन लावला. साहेबरावांचा आवाज फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"आबा, महाराजाची मात्रा पिल्यावर हाताचं काय केलं तुम्ही?"

"हाताचं? काय करायचं? पँटीला पुसला."

"आईनं?"

"तिनं पदराला. का गं?"

भावनाने फोन ठेवला, बाटलीतला एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "सर, दूध खारट असतं म्हणता तुम्ही. पण हा तर लोणच्याचा खार आहे." मग शालूकडे वळून ती म्हणाली, "वहिनी, बाटलीभर पाणी द्या अन् त्यात मूठभर मीठ टाका. थोडा गूळ पण."

शालूने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. या मुलीने काही मागितलं, की त्यामागे काहीतरी असतं, एवढा धडा मी शिकलेला होतो.

"आजी," भावना आईच्या जवळ बसली, "वैद्यराजच म्हणाला की कवच-बिवच काही न्हाई, तर येशील अंबडला?"

"त्यो म्हणला... तर येते."

"शब्द?"

"शब्द."

आम्ही आईला शालीत गुंडाळून आरोग्य केंद्राच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. जीप मैदान दिसेल अशी फाटकाशी उभी केली, तोंड अंबडच्या दिशेला, इंजिन चालू. शालू आईजवळ थांबली, मी भावनामागे गेलो.

मैदानात नेहमीसारखी झुंबड होती. डॉक्टरीणबाई आल्याचं बघून महाराज प्रसन्न हसले. "या! विज्ञान स्वतः चालत आलं! घ्या मात्रा."

"घेते की." भावनाने पिशवीतून चहाचा कागदी कप काढला, त्यात पळीभर मात्रा घेतली, सगळ्यांदेखत प्यायली, कप चुरगाळून पिशवीत टाकला आणि वैद्यराजासमोर जाऊन उभी राहिली. वैद्यराजाने तिच्याकडे बघितलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

"श्रद्धा नाही!" महाराज विजयाने म्हणाले. "डॉक्टर लोकांचं असंच असतं."

"बराबर हाय तुमचं," भावना म्हणाली. "सरपंच, तुमची श्रद्धा कशी हाय?"

मच्छिंद्रने छाती पुढे काढली. "एक नंबर."

"मंग या. काल न्हाला का डोक्यावरून?"

मच्छिंद्र जरा ओशाळला. त्याच्या बायकोने परवाच वैतागून त्याचं डोकं साबण लावून धुतलं होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. भावनाने आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तळहातावर ओतलं. "ही मात्रा न्हाई बरं का. साधं पाणी हाय, आपल्या शालूवहिनीच्या घरचं. प्या अन् नेहमीसारखं करा."

मच्छिंद्र प्याला आणि हात डोक्यावरून फिरवला. वैद्यराजाची मान लांब झाली, डोळे मऊ झाले आणि हातभर जीभ सरपंचाच्या डोक्यावरून मागे मानेपर्यंत गेली.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "मात्रा न घेता?" साळूबाई ओरडली.

"जुनं कवच!" महाराज घाईने म्हणाले. "धुतलं तरी मुळं आत राहतात. और फिर सरपंच पुण्यवान आदमी—"

"असतील," भावना म्हणाली. "पुण्य नसलेलं काही तरी घेऊ मंग."

ती इकडेतिकडे बघत होती. तिची नजर वडाखाली उभ्या असलेल्या मच्छिंद्रच्या नव्याकोऱ्या बुलेटवर गेली. मच्छिंद्रला पुढचं कळलं असावं, कारण तो 'ए, ए, बिलकुल न्हाई' म्हणत धावला, पण तोवर बाटलीतलं पाणी बुलेटच्या सीटवर आणि पेट्रोलच्या टाकीवर पडलं होतं. भावनाने दोरी धरून उंटाला तिकडे वळवलं. वळवायची फारशी गरज नव्हती. वैद्यराज स्वतःच ओढत गेला आणि बुलेटला असा मनापासून चाटू लागला, की हेडलाइटसुद्धा सोडला नाही.

आधी पोरं हसली. मग बायका. मग सगळं मैदान.

"सरपंच, अभिनंदन!" मी गर्दीतून ओरडलो. मला राहवलंच नाही. "तुमच्या बुलेटला आता कधी फ्लू होणार नाही!"

"तिची श्रद्धा जबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मीठ आहे हे, मीठ!" भावनाने बाटली उंच धरली. "उंटाला दुसऱ्या जनावरांपेक्षा मीठ फार लागतं. याला मुद्दाम मिठावाचून ठेवलंय. मात्रेत मीठ अन् गूळ. आपण तीर्थ घेतो तशी ती हातावर घेतो अन् ओला हात डोक्यावरून फिरवतो. उंट चाटतो ते तुमच्या डोक्यावरचं मीठ. म्हणून तर डोक्यावरून न्हायचं न्हाई! माझ्या आबांनी हात पँटीला पुसला, म्हणून आबांना चाटलं न्हाई. एवढंच."

"ये अपमान है!" महाराज गरजले. "ये देवता का—"

पण वैद्यराजाला आता चव लागली होती. त्याने बुलेट सोडली, महाराजांच्या तंबूत मान घातली आणि आतून पांढरी पिशवी दातांत धरून बाहेर ओढली. पिशवी फाटली. जाड्या मिठाचे खडे मैदानभर पसरले आणि वैद्यराज गुडघे मोडून त्यावर बसला.

"आरं धर की त्याला!" महाराज आपल्या चेल्यावर ओरडले. "काय बघून राह्यला मुडद्या! सगळं मीठ खाल्लं तर उद्या चाटंल का त्यो कुणाला?"

पोरांचंही लक्ष उंटावरून महाराजांकडे गेलं. हिमालय, जैसलमेर, सगळं एका क्षणात गळून पडलं होतं. ही आमच्याच भागातली, घनसावंगीकडची बोली होती, अस्सल आणि ओळखीची. महाराजांच्याही ते लक्षात आलं, पण जीभ एकदा घसरली की तिला उंटासारखं दोरीने मागे ओढता येत नाही.

गर्दीच्या मागे साहेबराव उभे होते. ते हळूच पुढे आले, पसरलेल्या मिठाकडे बघितलं, मग माना डोलावणाऱ्या त्या सगळ्यांकडे बघितलं.

"म्हंजी," ते शांतपणे म्हणाले, "आमची श्रद्धा कमी नव्हती. मीठ कमी होतं."

कुणी हसलं नाही. मच्छिंद्रने खाली बघितलं. माझे डोळे भरून आले, सांगायला लाजत नाही.

तेवढ्यात फाटकाकडून खोकल्याचा आवाज आला. मी पळत गेलो. आई शालीत तोंड खुपसून नुसती खोकत नव्हती, हसत होती, आणि हसण्याने तिला खोकला येत होता.

"मला मेलीला वाटलं... देवानं ओळखलं," ती म्हणाली. "अन् त्यो मीठ खाऊन राह्यलाता." तिने डोळे पुसले आणि भावनाला हाक मारली. "ये पोरी. बस जीपमदी. टोच किती सुया टोचायच्या ते."

अंबडला आईला ऑक्सिजन लावला, औषधं सुरू झाली, आणि ती परत आली तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्या परिचारिकांची लग्नं ठरवून आली. डॉक्टर मला म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. महाराज त्याच संध्याकाळी शहागडच्या रस्त्याला लागले होते, तिथे पोलिसांनी त्यांना गाडीतून उतरवून घेतलं आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. वैद्यराजाचा खरा मालक येईपर्यंत उंट साहेबरावांच्या दारात बांधलेला होता. ते रोज त्याच्यापुढे मिठाचा खडा ठेवत आणि म्हणत, "खा बाबा. तुझी काय चूक?"

पुढच्या सोमवारी भावनाने शाळेत सगळ्या गावाला बोलावलं. उंटाच्या बाबतीतलं खरं काय, तेही तिने सांगितलं. फ्लूचा विषाणू सारखा आपला अंगरखा बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नवी करावी लागते. उंटाच्या आणि लामाच्या अँटिबॉडी लहान असतात, त्या विषाणूच्या न बदलणाऱ्या खाचेत पोचू शकतात. प्रयोगशाळेत उंदरांवर त्याचे परिणाम चांगले दिसले आहेत. माणसांसाठीची सर्वांवर चालणारी एकच लस मात्र अजून तयार नाही.

"म्हंजी शास्त्रज्ञांना अजून सापडली न्हाई?" मच्छिंद्रने विचारलं.

"न्हाई. अन् ते तसं उघड सांगतात," भावना म्हणाली. "त्यांच्यात अन् महाराजात हाच फरक."

वाचकहो, माझं सांगणं थोडकं आहे. उंटाने ज्यांना चाटलं, त्यांच्याकडे आमचं अख्खं गाव बघत होतं. ज्यांना चाटलं नाही, त्यांच्याकडे नीट बघितलं फक्त एकीने, आणि चमत्काराचा पत्ता तिला तिथेच लागला. आम्ही त्यांना एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, 'तुम्ही काय वेगळं केलं?' त्याऐवजी आम्ही माना डोलावल्या. तुमच्या गावात उद्या कोणी नवा महाराज येईल. उंट नसेल, दुसरं काहीतरी असेल. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी ज्याच्या वाट्याला चमत्कार आला नाही, त्याच्याकडे जा. त्याच्या श्रद्धेवर बोट ठेवू नका. त्याला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका.

यंदा आरोग्य केंद्रात फ्लूची साधी, दरवर्षीची लस आली तेव्हा माझी आई रांगेत पहिली होती. भावनाने सुई टोचली, कापूस दाबला. आई उठली आणि तिचा हात आपसूक डोक्यावरून मागे गेला. मग तिने चमकून दाराकडे बघितलं.

"आजी, उंट न्हाई आला," भावना म्हणाली.

"बरं झालं," आई म्हणाली. "आजच न्हाले."